रामेनला गुण कसे द्यायचे? घरच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

दादा: जपानमधला सातवा दिवस, रामेनचे, म्हणजे सूपमधल्या नूडल्सचे, चार वाडगे झाले. माझे गुण, दहापैकी: साप्पोरोचं मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) ९, हाकाताचं तोंकोत्सु (डुकराच्या हाडांचं) साडेआठ, योकोहामाचं इएकेई ७, आज टोकियोत खाल्लेलं शोयु (सोया सॉसचं) ६.

ताई: शोयुला सहाच? ज्याच्यासाठी तू महिनाभर यादी करत होतास ते?

दादा: पातळ लागलं गं. सूप इतकं निवळ की वाडग्याचा तळ दिसतो. तोंडात काही रेंगाळतच नाही.

काका: थांब जरा. त्याच्या आधी काय खाल्लं होतंस?

दादा: अकरा वाजता इएकेई, मग ट्रेनने टोकियो आणि तीन वाजता हे.

काका: मग हे सहा गुण त्या दुकानाचे नाहीत, तुझ्या जिभेचे आहेत. इएकेई म्हणजे तोंकोत्सु आणि शोयुचा मेळ, वरून कोंबडीच्या चरबीचं तेल. ते खाऊन चार तासांत निवळ सूप प्यायलास तर काय कळणार? मी योकोहामात नोकरीला होतो तेव्हा पहिलं वर्षभर माझंही हेच चालायचं, दाट ते चांगलं. नंतर कळलं. तोंकोत्सुसाठी डुकराची हाडं तासन् तास खळखळून उकळतात. हाडांमधलं कोलाजेन सुटून त्याचं जिलेटिन होतं, चरबी पाण्यात मिसळून जाते आणि सूप दुधासारखं पांढरं होतं. निवळ सूपला उलट उकळी फुटूच द्यायची नसते. मंद आचेवर कोंबडी, कोंबु म्हणजे समुद्री शेवाळ, सुके मासे. आच जरा वाढली की सूप गढूळ. तिथे चूक झाकायला जागाच नाही, म्हणून त्या वाडग्यासाठी माझा जीव तुटतो.

आत्या: दादा, परवा तू लिहिलं होतंस की त्या दुकानाचे तारे उत्तम. किती तारे मिळालेत त्याला?

काका: ते तारे वेगळे. वाडग्यात सगळ्यात आधी, तळाशी घालतात तो खारट अर्क म्हणजे तारे. शोयु, मिसो, शिओ (म्हणजे मीठ) ही नावं त्यावरूनच पडली. तोंकोत्सु हे मात्र सूपचं नाव, हाडांवरून आलेलं. म्हणजे दादाच्या यादीत दोन निरनिराळ्या गोष्टी एका रांगेत बसल्यात. तुम्ही म्हणता तो तारासुद्धा रामेनला मिळालाय बरं का. टोकियोच्या त्सुता या दुकानाला, हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडच्या २०१६च्या आवृत्तीत, जगात पहिल्यांदा. आणि ते नावाजलं होतं शोयुसाठी.

मी: मग एकाच मापाने गुण द्यायचेच नाहीत का?

काका: द्यावेत की. पण शोयुची तुलना शोयुशी, मिसोची मिसोशी. शिवाय सूपचे आणि नूडल्सचे वेगळे मांडावेत. अंडं मऊ निघालं, मांस जाड कापलं म्हणून आख्ख्या वाडग्याचे दोन गुण वाढवणं मला पटत नाही.

वहिनी: काका, हाकाताचं मला सांगायचंच होतं. आमचे दोन्ही वाडगे एकदमच आले. हे फोटो काढत बसले, मी लगेच खायला घेतलं. नूडल्स बारीक, सरळ, दाताखाली गाभ्याला किंचित कच्च्या. माझं अर्धं होईतो यांनी चॉपस्टिक्स उचलल्या तर यांच्या मऊ पडलेल्या. मी साडेनऊ दिले, यांनी साडेआठ. एकाच पातेल्यातलं सूप!

काका: अगदी बरोबर, सूनबाई. त्या नूडल्सचं पीठ फार कमी पाण्यात मळतात, म्हणून सूप भराभर ओढून घेतात. तिथे वाडगा लहान आणि नूडल्स संपल्या की उरलेल्या सूपमध्ये नव्या घालून घ्यायची पद्धत पडलीय ती त्यामुळेच. काएदामा घेतलं का?

दादा: घेतलं. त्या वेळी 'काता' म्हणून सांगितलं, म्हणजे कडक. ते खरंच फार सुंदर होतं. हाकाता नऊ करतो.

ताई: आणि साप्पोरो?

दादा: ते नऊच राहणार. बाहेर गुडघाभर बर्फ. वाडगा आला तर वाफच दिसेना, मला वाटलं गार आणलाय. चमचा बुडवला तर वर लार्डचा, म्हणजे डुकराच्या चरबीचा, जाड थर, आणि त्याच्या खाली उकळतं सूप. जीभ पोळली. जाड, पिवळ्या, नागमोडी नूडल्स, शेवटपर्यंत तशाच चिवट.

काका: त्यातला एखादा गुण थंडीचा आहे हो.

दादा: काका, इथे मात्र नाही पटत. ते सूप तिथल्या थंडीसाठीच केलेलं आहे. मग थंडी बाजूला काढून गुण कसे देणार?

काका: हं. हे मान्य करावं लागेल.

आई: बिनमांसाचं काही मिळतं का रे? पुढच्या वर्षी मी आले तर नुसती बघत बसू का?

वहिनी: आई, विचारूनच घ्यावं लागतं. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी सूप बहुतेक हाडांचं किंवा माशाचं असतं. पण टोकियो स्टेशनच्या आतच टीज तानतान नावाचं रामेनचं दुकान आहे, सगळं वनस्पतीजन्य. तिळाची दाट चव, मला फार आवडलं. याला मी ८ देते आणि ते यादीत घालायचं राहिलंय.

मामा: सूप तळापर्यंत पिऊ नका रे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, आणि एका वाडग्यात त्याहून जास्त असू शकतं. बीपीच्या गोळ्या चालू आहेत दादाच्या.

दादा: हो मामा. अर्धं ठेवतो.

*दुसऱ्या दिवशी*

दादा: काका, आज सकाळपासून काही खाल्लं नाही. अकराला त्याच दुकानाच्या रांगेत पहिला होतो. यंत्रातून तेच कूपन घेतलं, फोटो काढला नाही. आधी नुसतं सूप. पहिल्या घोटाला कोंबडी, गिळल्यावर सुक्या माशांचा धुरकट वास नाकात, आणि मग शोयुचा गोडवा कितीतरी वेळ जिभेवर. काल यातलं एकही कळलं नव्हतं. सूप साडेनऊ, नूडल्स ८. बांबूचे कोंब फार गोड होते, पण त्याचे गुण कापले नाहीत.

काका: वाचून बरं वाटलं रे.

वहिनी: मी सूपला दहा दिले.

दादा: उद्या शिन-योकोहामाचं रामेन म्युझियम. तिथल्या दुकानांत छोटे वाडगे मिळतात, म्हणजे तीन-चार चाखता येतील. क्रम सांगा.

काका: जे असेल त्यात शिओ आधी, मग शोयु, मग मिसो. तोंकोत्सु सगळ्यात शेवटी. मध्ये पाणी प्या, थोडं चाला. आणि गुण तिथेच, वाडगा समोर असतानाच लिहा. दोघांनी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता.