सहा इंटरॲक्टिव्ह चार्ट एकाच पानावर आणायचेत, नेटशिवाय चालायला हवेत

शिवारवाट:
नमस्कार मंडळी. गावातला रोजचा पाऊस आणि आठ विहिरींची पाणीपातळी आम्ही तीन वर्षं वहीत नोंदवतोय. त्यावरून पायथनमध्ये प्लॉटली (चार्ट काढायची लायब्ररी) वापरून सहा चार्ट केलेत; बोट ठेवलं की तारीख नि आकडा दिसतो. ते एकाच पानावर, मध्ये दोन-दोन ओळी मराठीत लिहून, ग्रामसभेत दाखवायचेत. तिथे नेट नाही. व्हॉट्सॲपवरही पाठवायचंय. सहा एचटीएमएल फाइली काढून मजकूर एकाखाली एक चिकटवला, तर फाइल पंचवीस एमबीच्या घरात गेली आणि फोनवर उघडेचना. मेक_सबप्लॉट्स (अनेक चार्ट एकाच आकृतीत मांडणारं फंक्शन) वापरलं तर सगळी लेजंड (रंगांची सूची) एका कोपऱ्यात गोळा होते, कुठला रंग कुठल्या विहिरीचा ते कळत नाही. काय करू?

आकडेमोड:
राइट_एचटीएमएल प्रत्येक फाइलीत प्लॉटलीची अख्खी लायब्ररी भरतं, ती एकटीच चार एमबीच्या आसपास. तुमच्याकडे ती सहा वेळा आलीय.

टू_एचटीएमएल वापरा. फुल_एचटीएमएल फॉल्स ठेवलं की पूर्ण पान न येता त्या चार्टपुरता डिव्ह, म्हणजे पानाचा तुकडा, हाती येतो. पहिल्या चार्टला इन्क्लूड_प्लॉटलीजेएस ट्रू, उरलेल्या पाचांना फॉल्स. मग मथळे, परिच्छेद, डिव्ह असं ओळीने जोडून एक फाइल लिहा. लायब्ररीवाला चार्ट सगळ्यात वरच राहू द्या. ट्रूच्या जागी 'सीडीएन' लिहिलं तर लायब्ररी नेटवरून येते नि फाइल एकदम हलकी होते, पण नेट नसताना चार्ट उमटणारच नाहीत. तुमच्या सभेत ते चालायचं नाही.

आणि एक. पान तुम्ही स्वतः बांधताय, म्हणून हेडमध्ये चारसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) यूटीएफ-८ लिहाच, फाइल उघडतानाही एन्कोडिंग तेच द्या. माझे मराठी मथळे एकदा 'à¤' असल्या चिन्हांत गेले होते, अर्धा दिवस फाँट बदलत बसलो.

तिफण:
आकडेमोड यांचं बरोबर आहे, पण सहाही डिव्ह सुटे केले तर पाऊस नि पातळी यांचा संबंध तुटतो. पावसाचा जुलै झूम केला तरी विहिरीचा चार्ट जागचा हलत नाही, आणि लोकांना पाहायचंय तेच आहे. या दोघांपुरतं मेक_सबप्लॉट्स ठेवा, शेअर्ड_एक्सॲक्सेस ट्रू, म्हणजे तारखेचा अक्ष दोघांचा जोडलेला राहतो. पावसाचे बार वरून खाली लटकवा, त्या अक्षाला ऑटोरेंज रिव्हर्स्ड दिलं की झालं. खाली पातळीची रेघ कधी चढते ते लगेच दिसतं. बाकी चार सुटे.

आल्टेअर या दुसऱ्या चार्ट लायब्ररीत एका चार्टवर पट्टा निवडून दुसरा बदलणं फार सुरेख जमतं, पण त्याची फाइल एरवी लायब्ररी नेटवरूनच आणते. म्हणून या कामाला प्लॉटलीच.

शिवारवाट:
दोघांचेही मनापासून आभार. फाइल पाच एमबीच्या आत आली! फक्त फोनवर पान सरकवायला गेलं की बोट चार्टवर पडतं आणि चार्टच झूम होतो.

तिफण:
लेआउटमध्ये ड्रॅगमोड फॉल्स करा, पान सरकेल. झूमऐवजी वरच्या चार्टच्या तारखेच्या अक्षाला रेंजसिलेक्टर, म्हणजे कालावधी निवडायची बटणं, लावा: एक महिना, सहा महिने, सगळं. दोन्ही अक्ष जोडलेले असल्यामुळे बटण दाबलं की दोन्ही चार्ट एकदम बदलतील. कॉन्फिगमध्ये रिस्पॉन्सिव्ह ट्रू पण टाका, नाहीतर फोन आडवा केल्यावर रुंदी जुळत नाही.

शिवारवाट:
बटणं टाकली. आईच्या फोनवर नेट बंद करून पाहिलं, सगळं चालतं. शाळेजवळच्या विहिरीचे सहा महिने उघडले, तर पाऊस थांबल्यावर रेघ कशी उतरत जाते ते तिनेच मला दाखवलं. शुक्रवारी सभा आहे.