सुके मटण, भरली वांगी आणि हजार रुपयांच्या आतली महाराष्ट्राची रेड वाइन

पर्वतीकर:

पुढच्या महिन्यात वडिलांच्या पंच्याहत्तरीनिमित्त घरीच बारा माणसांचे जेवण करायचे आहे. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातले सुके मटण, भरली वांगी, ज्वारीच्या भाकऱ्या आणि मसालेभात असा बेत आहे. वडिलांची नोकरीतली बरीच वर्षे निफाड-पिंपळगावच्या बाजूला गेली. 2001 मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले आणि ओळखीचे शेतकरी वाइनच्या द्राक्षांची लागवड करू लागले, तो काळ त्यांनी तिथे राहून पाहिला आहे. त्यामुळे ताटासोबत महाराष्ट्रातलीच रेड वाइन असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बाटलीमागे हजार रुपयांच्या वर जाता येणार नाही.

गेल्या रविवारी चाचणी म्हणून जवळच्या दुकानातून कॅबर्ने-शिराझची, म्हणजे या दोन द्राक्षांच्या मिश्रणाची, एक बाटली आणली आणि तांबड्या रश्श्यासोबत घेतली. जेवणाआधीचा पहिला घोट चांगला लागला. जांभळासारखा वास होता आणि चवही गोलाईची होती. रश्श्याचे दोन घास पोटात गेल्यावर मात्र त्याच वाइनने घसा पोळू लागला, कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ कोरडी पडली आणि मटणही कडवट लागू लागले. आपल्या मसाल्यांना वाइन चालतच नाही, असे घरातल्या एकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावे हेही सुचत नाही. कोणते द्राक्ष निवडावे, वाइन कशी वाढावी आणि शाकाहारी मंडळींसाठी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खलबत्ता:

आपल्याला जे जाणवले ते अगदी खरे आहे, पण त्याचा दोष मसाल्याकडे जात नाही, तिखटाकडे जातो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वाइनच्या बाबतीत तर हा फरक फार मोठा ठरतो. धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल, खरपूस भाजलेले सुके खोबरे, तेलावर काळपट होईपर्यंत परतलेला कांदा यांपैकी कशाचेही रेड वाइनशी वाकडे नाही. काळ्या मिऱ्याला त्याचा खास वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते रोटंडोन नावाचे द्रव्य शिराझच्या द्राक्षाच्या सालीतही असते, म्हणून काळ्या मसाल्याच्या मटणाशेजारी शिराझ परकी वाटत नाही. मिरचीची आग मात्र जिभेवर बसली की मद्यार्क तिला आणखी भडकवतो, आणि त्याच वेळी सालीतून व बियांतून आलेले टॅनिन, म्हणजे वाइनमधला तुरटपणा, दुपटीने जाणवू लागतो. तांबडा रस्सा आणि साडेतेरा टक्क्यांची कॅबर्ने-शिराझ ही जोडी म्हणूनच जमत नाही.

दुसरा प्रश्न तापमानाचा आहे आणि माझ्या मते आपली निम्मी अडचण तिथेच आहे. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य थंड देशांतल्या दगडी घरांतून आले आहे आणि तिथे त्याचा अर्थ सोळा ते अठरा अंश असा होतो. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या खोलीत बाटली बत्तीस-तेहतीस अंशांवर असते. त्या तापमानाला मद्यार्काचा दर्प आधी नाकात शिरतो आणि फळाचा वास मागे पडतो. बाटली जेवणाआधी पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हाताला गार लागली पाहिजे, पण तिच्यावर दव साचता कामा नये.

हे मी स्वयंपाकघरात ताडून पाहिले आहे. शिराझची एकच बाटली घेऊन अर्धी कपाटात आणि अर्धी फ्रिजमध्ये ठेवली, आणि दोन्ही पेले एकाच सुक्या मटणासोबत समोर मांडले. कपाटातल्या वाइनबरोबर मटण तिखट लागले, तर गार वाइनबरोबर तेच मटण गोडसर लागले. कढईच्या बुडाला चिकटून खरपूस झालेले, तेल सुटलेले वाटण भाकरीच्या तुकड्याने पुसून खाल्ले आणि त्यावर गार शिराझचा घोट घेतला, तो घास मला अजून आठवतो. चरबी आणि मीठ तुरटपणाला मऊ करतात; सुक्या मटणात ही दोन्ही असतात आणि पातळ रस्सा तिथेच कमी पडतो.

तेव्हा मटण सुकेच ठेवावे, रंगासाठी बेडगी मिरची घ्यावी, तिखटासाठीचा हात आखडता घ्यावा आणि तिखट हवेच असणाऱ्यांना ठेचा वेगळा द्यावा. वाइनमध्ये शिराझ किंवा शिराझचा अंश जास्त असलेले मिश्रण निवडावे. नुसती कॅबर्ने सोव्हिन्यॉ या ताटासाठी मी घेणार नाही, कारण तिचा तुरटपणा जास्त असतो आणि फळ पुरते पिकलेले नसेल तर तिला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवा वास येतो.

गोडी छाटणी:

आमची बाग दिंडोरी तालुक्यात आहे, म्हणून बागेच्या बाजूने थोडे लिहितो. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा असतो, तर वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून घड हिवाळ्यात पिकवावा लागतो आणि जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. थंडी लांबली तर मणी सावकाश पिकतो. फेब्रुवारीत ऊन एकदम चढले तर साखर झपाट्याने वाढते, पण बी आतून हिरवटच राहते. हातात मणी दाबून बी दाताखाली फोडले की हे लगेच कळते: पिकलेले बी तपकिरी असते आणि कडक शेंगदाण्यासारखे फुटते, तर हिरवे बी जीभ आवळून धरते. आपण ज्याला कच्ची सुपारी म्हणता, त्याचा काही भाग अशा बियांतूनही आलेला असू शकतो.

खरेदी करताना लेबलवरचे तोडणीचे वर्ष जरूर पाहावे. या किमतीची वाइन ताजी पिण्यासाठी केलेली असते, म्हणून गेल्या दोन-तीन हंगामांतलीच घ्यावी. जुनी तितकी चांगली असे समजून मी एकदा शहरातल्या एका दुकानातून पाच वर्षांची बाटली आणली होती. ती काचेच्या कपाटात, दुपारच्या उन्हात उभी असायची, हे मला नंतर दिसले. पेल्यात ओतल्यावर रंग विटेसारखा आणि वास उकडलेल्या मनुकांचा होता. ज्या फळासाठी शेतकरी सहा महिने मांडवाखाली राबतो, ते फळ त्या वाइनमध्ये उरलेच नव्हते, आणि याचे मला फार वाईट वाटले. दुकानदाराला विनंती करून आतल्या थंड जागेतली बाटली मागावी.

मिरजकर:

भरल्या वांग्यांबाबत थोडे वेगळे मत मांडतो. शेंगदाणे, तीळ आणि गोडा मसाला यांच्यासोबत मला शिराझ जड वाटते. अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांत सांजोव्हेसे हे इटलीतले द्राक्ष पिकते आणि त्याच्या वाइनला अंगचा आंबटपणा असतो. वांग्याच्या तेलकट मऊपणाला तो आंबटपणा छान कापतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते: भाजीत गूळ जास्त पडला तर कोणतीही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबट आणि पोकळ लागते. आमच्याकडे अशा दिवशी गूळ नेहमीच्या निम्मा आणि चिंचही बेताची घालतात. मसालेभातासोबत दोन्ही वाइन चालतात.

कोणी मासे आणणार असेल तर त्यांच्यासोबत रेड वाइन देऊ नये. वाइनमधल्या लोहामुळे माशाच्या तेलाचा हिमूस वास उसळून येतो. तिथे नाशिकची शेनँ ब्लाँ ही पांढरी वाइन द्यावी.

पर्वतीकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही बाटल्या आणून सांगितल्याप्रमाणे गार केल्या. दुकानदाराने पुढची बाटली दिली, तेव्हा मी आतली मागून घेतली. मटणात बेडगी घातली आणि गूळ निम्मा केला. शिराझ आणि सुके मटण यांचे जुळणे मलाही जाणवले. वडिलांना मात्र सांजोव्हेसे जास्त आवडली. भाकरीचा कोरडा पापुद्रा वांग्याच्या रसात बुडवून त्यांनी घोट घेतला, डोळे मिटून थोडा वेळ थांबले आणि तोडणीच्या दिवसांत पिंपळगावच्या रस्त्यावर असाच वास यायचा, असे म्हणाले. मसाल्यांना वाइन चालत नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला. आता एकच विचारायचे आहे: बारा जणांपैकी आठ जण वाइन घेतील, तर किती बाटल्या आणाव्यात आणि उरलेली किती दिवस टिकेल?

गोडी छाटणी:

750 मिलिलिटरच्या बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच पेले होतात. आठ जणांना प्रत्येकी दोन पेले धरले तर सोळा पेले होतात, म्हणून दोन शिराझ आणि दोन सांजोव्हेसे पुरतील. चारही एकदम उघडू नयेत, लागेल तशी पुढची उघडावी. उरलेल्या बाटलीचे झाकण घट्ट लावून ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. वडिलांना माझा नमस्कार सांगावा. जानेवारीअखेरीस आमच्याकडे तोडणी सुरू होते, तेव्हा त्यांना घेऊन बागेत यावे.