मदत हवी आहे: खाजणाकडच्या मऊ क्लेत एसपीटीचा एन २-३, शिअर स्ट्रेंथ किती धरू?

नमस्कार मंडळी. डिप्लोमा करून मला दोनच वर्षं झालीत, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गोव्यात तिसवाडीत, मांडवीच्या बाजूला खाजणाच्या (भरतीच्या पाण्याजवळची, बांध घातलेली सखल जमीन) कडेवर तळमजला अधिक एक असं घर होणार आहे. बोअरमध्ये (माती तपासायला पाडलेलं भोक) वरपासून काळी, वास मारणारी, शिंपल्यांचे तुकडे असलेली चिकणमाती. पाणी अर्ध्या मीटरवर. एसपीटीचे एन (नळी ३० सेंमी आत जायला लागलेले हातोड्याचे ठोके) असे: ३ मीटरला २, ४.५ ला ३, ६ ला ९, ७.५ ला परत ३. कडक थर १३ मीटरवर. ४.५ मीटरच्या नमुन्याचं लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती पातळ व्हायला लागते) ८०, प्लास्टिक लिमिट (ज्याच्या खाली ती मळता येत नाही) ३५, ओलावा ७८ टक्के.

रिपोर्टमध्ये ओव्हरबर्डन करेक्शन (वरच्या मातीच्या वजनासाठीची दुरुस्ती) लावून ३ चे ४ केलेत, तक्त्यावरून शिअर स्ट्रेंथ (माती घसरायला करते तो विरोध) २५ केपीए (किलोपास्कल) काढलीय आणि सेफ बेअरिंग (जमिनीवर सुरक्षितपणे टाकता येईल तो भार) दर चौरस मीटरला ५ टन. साइटवर मी स्वतः उभा होतो. ३ मीटरला हातोडा नुसता ठेवला तरी रॉड खाली बसत होता! हे २५ मला काही पटत नाही. मालक म्हणतात, रिपोर्ट आहे ना, मग फुटिंग (उथळ पाया) घाला. त्यांना आधी १.२ मीटर भरावही टाकायचाय.

---

जुना_चिरा: तुमची शंका रास्त आहे. ते करेक्शन वाळूसाठी, क्लेला लावायचंच नाही. टेरझागी-पेक या मृदातज्ज्ञांच्या तक्त्यात एन २ ते ४ म्हणजे शिअर स्ट्रेंथ साधारण १२ ते २५, म्हणजे रिपोर्टने वरचं टोक पकडलंय. आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, इतक्या मऊ मातीत दोन ब्लो की तीन हे बोअरवाल्याच्या हातावर ठरतं. त्यावरून आकडा काढणं म्हणजे वजनकाट्यावर केस मोजणं.

दुसऱ्या वाटेने बघा. ओलावा जवळजवळ लिक्विड लिमिटला टेकलाय. प्लास्टिसिटी इंडेक्स (दोन्ही लिमिटमधला फरक) ४५ धरून स्केम्प्टनच्या सूत्राने स्ट्रेंथ आणि प्रभावी दाबाचं गुणोत्तर ०.२८ च्या आसपास येतं. ४.५ मीटरला प्रभावी दाब (वरच्या वजनातून पाण्याचा दाब वजा करून उरतो तो) २८ केपीए धरला तर स्ट्रेंथ जेमतेम ८. कुठे ८ आणि कुठे २५!

६ मीटरचा ९ शिंपल्यांच्या थराचा असणार. विसरा तो.

रॉड_आणि_रेती: फील्ड वेन चाचणी (मातीत पाती फिरवून स्ट्रेंथ मोजतात ती) करून घ्या, दर मीटरला एक. इतक्या प्लास्टिक क्लेत वेनचा आकडाही साधारण ०.८ ने गुणून कमी करावा लागतो (ब्येरुम या तज्ज्ञाची दुरुस्ती), हे रिपोर्टवाल्याला आधीच सांगा. आणि पातळ नळीचे यूडीएस (न विस्कटलेले) नमुने काढून कन्सॉलिडेशन टेस्ट (भाराखाली माती किती दबते ते बघायला).

मला खरी भीती भरावाची वाटते. १.२ मीटर म्हणजे २२ केपीएच्या आसपास. स्ट्रेंथ ८ असेल तर सुरक्षिततेचा फॅक्टर ३ लावून चौकोनी फुटिंगला सेफ बेअरिंग साधारण १६ केपीए मिळतं. घर राहू दे, भरावच त्याहून जड. शिवाय तो क्लेला वर्षानुवर्षं दाबत राहणार. पाइल (खोल खांबांचा पाया) घातले तरी खचणारी माती त्यांना खाली ओढेल, ते पाइलच्या हिशेबात धरावं लागेल. (खाजणात परवानगी मिळते का, हा विषय निराळा. तो इथे काढला तर धागा पेटेल.)

---

धागाकर्ता: दोघांचेही आभार. मालकांना ८ चा हिशेब कागदावर मांडून दाखवला. वेनला हो म्हणाले, भरावाचं ऐकल्यावर गप्प झाले. सोमवारी डंपर येणार होते, ते तूर्त थांबवलेत. वेनचे आकडे आले की इथेच टाकतो.