वरचा एक दात खुंटीसारखा, दुसरा तयारच झालेला नाही: काढावा की राखावा?

नमस्कार. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. तिचे वरचे मधले दोन दात वेळेवर आले आणि चांगले रुंद आहेत. मात्र त्यांच्या डावीकडचा दात अगदी बारीक, टोकाकडे निमुळता, तांदळाच्या दाण्यासारखा आला आहे. उजवीकडे त्याच जागी अजून दुधाचा दात आहे आणि गेल्या महिन्यात संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तेव्हा त्याखाली कायमचा दात तयारच झालेला नाही, असे दिसले. दोन दंतवैद्यांनी दोन निरनिराळे सल्ले दिल्यामुळे येथील जाणकारांचे, विशेषतः दंतवैद्य सभासदांचे, मत हवे आहे.

दात हळूहळू भरेल, असे घरात सगळेच म्हणत होते आणि मीही वर्षभर त्याच आशेवर होते. दर महिन्याला तिला खिडकीपाशी बसवून मी पट्टी लावत असे. मधला दात साडेआठ मिलिमीटर, हा जेमतेम चार; त्यात काडीचाही फरक पडला नाही. हिरडीबाहेर दिसणारा दाताचा भाग जबड्याच्या आतच, साधारण चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत पूर्ण घडतो आणि त्यानंतर दात खाली उतरतो, पण रुंद होत नाही, हे मला डॉक्टरांकडून कळले. आधी कळले असते, तर तिला खोटी आशा लावली नसती.

अक्कलदाढा सोडल्या, तर आकारात सर्वांत जास्त फरक याच दातांत आढळतो, आणि एका बाजूला बारीक दात व दुसऱ्या बाजूला दातच नसणे, ही बहुधा एकाच आनुवंशिक गुणाची दोन रूपे असतात, असेही त्यांनी सांगितले. आमच्या घरात ते पटण्यासारखे आहे. माझ्या नणंदेचे हे दोन्ही दात आलेच नाहीत. तिचे सुळे थेट मधल्या दातांना लागून आहेत आणि आजवर आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. मी फार घाबरलेली पाहून डॉक्टरांनी माझ्याच वरच्या दाढेशी आरसा धरला आणि तिच्या टाळूकडच्या बाजूचा छोटा जादा उंचवटा दाखवला. व्हिएन्नाच्या कॅराबेली नावाच्या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले होते आणि तो अनेक निरोगी माणसांत असतो, हे ऐकून माझ्या मनावरचे ओझे बरेच हलके झाले.

आता सल्ल्यांविषयी. पहिल्या डॉक्टरांच्या मते बारीक दात आणि दुधाचा दात दोन्ही काढावेत, तारा लावून सुळे पुढे आणावेत आणि त्यांची टोके घासून त्यांना पटाशीच्या दातांसारखा आकार द्यावा. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते बारीक दात राखून त्यावर कॉम्पोझिटचा (दाताच्या रंगाच्या भरण-साहित्याचा) थर चढवावा, उजवीकडे जागा धरून ठेवावी आणि जबड्याची वाढ थांबल्यावर तिथे इम्प्लांट (हाडात रोवलेले कृत्रिम दाताचे मूळ) बसवावे. ते आधी बसवता येत नाही, कारण शेजारचे दात वाढीबरोबर खाली सरकत राहतात आणि इम्प्लांट मात्र आहे तिथेच राहते. याशिवाय एक काळजी आहे. सुळा खाली येताना शेजारच्या दाताच्या मुळाच्या आधाराने येतो, त्यामुळे असा दात असलेल्या मुलांत तो टाळूकडे वळण्याची शक्यता अधिक असते. उजव्या सुळ्याचा उंचवटा हिरडीवर बोटाला लागतो, डावीकडे अजून लागत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

माझा कल दात राखण्याकडे आहे, कारण काढलेला दात परत आणता येणार नाही. तरीही आयुष्यभर कॉम्पोझिटची डागडुजी आणि ऐन तारुण्यात इम्प्लांट, यापेक्षा नणंदेसारखे स्वतःचेच दात पुढे आणणे अधिक टिकाऊ ठरेल का, हा प्रश्न मला सोडत नाही. ज्यांनी स्वतःसाठी किंवा मुलांसाठी यांपैकी एखादा मार्ग निवडला असेल, त्यांनी दहा-पंधरा वर्षांनंतरची स्थिती कृपया सविस्तर लिहावी. डाव्या सुळ्यासाठी सहा महिने थांबणे योग्य आहे की दुधाचा सुळा आताच काढून त्याला वाट करून द्यावी, हेही दंतवैद्यांनी सांगावे.

शेवटची विचारणा तिच्यासाठी आहे. हल्ली ती हसताना वरचा ओठ खाली ओढून धरते आणि वर्गाच्या फोटोत तोंड मिटून उभी राहिली. अंतिम निर्णय पुढे काहीही झाला, तरी त्या बारीक दातावर तात्पुरता कॉम्पोझिट आताच, या वयात लावता येईल का, आणि पुढे तारा लावताना त्याची अडचण होईल का?