अंतर्निरीक्षण म्हणजे नुसतं मनात डोकावणं का? (वुंट, टिचनर वगैरे)

चिंचगूळ:
बीएच्या मानसशास्त्राचं वाचतेय. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला लॅब काढली आणि अंतर्निरीक्षणाने मनाचा अभ्यास केला असं दिलंय. पण मनात काय चाललंय ते तर कोणीही सांगेल की, त्याला लॅब कशाला लागते?? आणि टिचनरचं पण तेच होतं का?

रातकिडा:
नाही हो, वुंटला बसल्या बसल्या केलेलं चिंतन अजिबात चालायचं नाही. मेट्रोनोमची (ठराविक वेगाने टिकटिकणारं ताल धरायचं यंत्र) टिकटिक ऐकवायची, वेग बदलायचा, परत परत ऐकवायचं आणि लगेच विचारायचं, हे सुखद वाटलं का, ताण आला का, असं. साधे प्रश्न, कंट्रोल्ड परिस्थिती. भाषा, मिथकं, रूढी असल्या गोष्टी लॅबमध्ये सापडणार नाहीत हे तो स्वतःच म्हणायचा, त्यासाठी त्याने वेगळे १० खंड लिहिले, ते कोण वाचतंय म्हणा.

उंबरठा:
टिचनर त्याचाच विद्यार्थी, १८९२ ला अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि तिथे जास्तच कडक झाला. समोर टेबल असेल तर 'टेबल दिसतंय' म्हणायचं नाही, ती चूक, रंग किती गडद, उजेड किती, कडा कशा एवढंच सांगायचं, आणि त्यासाठी निरीक्षकांना (म्हणजे स्वतःच्या मनात बघून सांगणाऱ्यांना) आधी भरपूर ट्रेनिंग. १८९६ च्या पुस्तकात त्याने ४४ हजारांवर मूळ संवेदना मोजल्यात!! त्यातल्या ३२ हजारांवर नुसत्या डोळ्यांच्या आणि चवीच्या फक्त ४ 😄

रातकिडा:
आणि गाडी अडली ती ट्रेनिंगवरच. जर्मनीत वुर्झबुर्गला क्युल्पेच्या (हा पण वुंटचाच चेला) लॅबमध्ये १९०१ च्या सुमारास लोकांना दोन वजनं उचलून जड कुठलं ते सांगायला लावलं, उत्तर बरोबर यायचं पण ठरवताना मनात ना चित्र ना संवेदना, काहीच सापडेना. टिचनर म्हणे तुमचे निरीक्षक कच्चे आहेत, आमच्याकडे सापडतं. आता दोघांच्या डोक्यात शिरून बघणार कोण? १९१३ मध्ये वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकं यावरच बोट ठेवलं आणि म्हणाला वर्तन बघा, बाकी सोडा.

उंबरठा:
पण म्हणून सगळंच फेकून द्यायचं हे मला पटत नाही. डॉक्टर आजही दुखणं ० ते १० मध्ये किती असं पेशंटलाच विचारतात ना.

चिंचगूळ:
भारी, थँक्स दोघांना. मग परीक्षेत रचनावादाचा (मनाचे असे मूळ घटक शोधायचा हा पंथ) जनक वुंट लिहू की टिचनर?

रातकिडा:
तुमच्या पुस्तकात जे असेल ते लिहा, बऱ्याच ठिकाणी वुंटच देतात. खाली एक ओळ टाका की त्या नावाने पंथ चालवला तो टिचनरने.