उद्योजकांनी शहर चालवावं का? (चर्चेचा धागा: संभाजीनगर, जालना आणि थोडं इकडचं-तिकडचं)

चिकलठाणकर

एका बैठकीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता. विषय शहराचा: पाणी, कचरा, रस्ते. टेबलाभोवती अधिकारी आणि उद्योजक. लोकांनी निवडून दिलेला माणूस एकही नाही. असणार तरी कुठून? 2020च्या एप्रिलमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसणारच. आपल्याकडे उद्योजक बसले.

मला त्यांचा राग नाही. पण ही माणसं आली कुठून हे पाहिल्याशिवाय त्यांचं वजन कळत नाही. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग आले होते. त्याच सुमारास राहुल बजाज यांचे दोन जुळे भाचे इथे आले. अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स, तरंग जैन यांची वॅरॉक, दोन्ही वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या. आज दोन्ही कंपन्या शेअर बाजारात आहेत. हे झालं एक घराणं. दुसरे इथल्याच मातीतले, म्हणजे भोगले. 1968 पासून निर्लेपचा तवा, 2018 मध्ये तो ब्रँड बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेला. तिसरे धूत, ऊस-कापसाच्या व्यवहारातून व्हिडिओकॉनच्या टीव्हीपर्यंत पोचलेले. आणि चौथी जमात, जिच्याबद्दल कुणी लिहीत नाही: बजाजमध्ये दहा-बारा वर्षं नोकरी करून, एक लेथ घेऊन, भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू केलेले. संघटनांमध्ये संख्या यांची, शब्द मात्र पहिल्या तिघांचा.

माझं म्हणणं एवढंच. ज्याला मतं मागायची नाहीत, त्याने शहराच्या निर्णयात किती बोलावं?

टूलरूमवाला

साहेब, मी तुमच्या चौथ्या जमातीतला. पॉलिटेक्निक, मग इंडो-जर्मन टूल रूममधलं प्रशिक्षण, मग नोकरी, मग स्वतःची शेड. म्हणून सांगतो, मतं मागणाऱ्यांनी काय दिवे लावले ते आधी मोजा. समांतर जलवाहिनी आठवते का? 2014 मध्ये शहराचं पाणी बाहेरच्या एका खासगी कंपनीला दिलं, 2016 मध्ये करार रद्द. निर्णय कुणाचा? निवडून आलेल्यांचा. मग 1680 कोटींची नवी योजना, ती फुगून 2740 कोटींवर. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, आणि आमच्या आईला अजून पाण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी लागते.

2018 च्या फेब्रुवारीत कचरा डेपोजवळच्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आठवडेच्या आठवडे गल्लीत ढीग होते. तेव्हा नगरसेवक होते की हो, शंभराच्या वर!

शेंद्रा-बिडकीनचं ऑरिक घ्या. दहा हजार एकरांचं औद्योगिक शहर. आज एथर, टोयोटा ही नावं बिडकीनच्या संदर्भात ऐकू येतात, ती कुणा आमदाराच्या भाषणाने आली नाहीत. सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेचे लोक वर्षानुवर्षं दिल्ली-मुंबईचे उंबरठे झिजवत होते.

शेणपुंजीचा

दादा, उंबरठे झिजवले हे खरं. कुणासाठी झिजवले?

माझे वडील 1991 ला गेवराईहून वाळूजला आले. आम्ही रांजणगाव शेणपुंजीत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलो. अख्ख्या एमआयडीसीचं मनुष्यबळ बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, वाळूजजवळचं पंढरपूर ह्या गावांत राहतंय. ग्रामपंचायतीच्या जिवावर. शहराच्या प्रश्नांवर जेवढ्या बैठका झाल्या त्यात एकदा तरी आमच्या नाल्या, आमचं टँकरचं पाणी आलं का? विमानाची फेरी वाढवा म्हणून निवेदन निघतं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री घरी जायला बस पाहिजे म्हणून निघालेलं निवेदन मी तरी पाहिलं नाही.

अन् ती मर्सिडीजची गोष्ट. 2010 ला इथल्या लोकांनी मिळून एका दिवसात 150 गाड्या घेतल्या, 65 कोटी. देशभर बातमी. मी तेव्हा आयटीआयला होतो, सायकलवर जायचो. ज्या रस्त्यावर माझी सायकल नीट चालत नव्हती त्याच रस्त्यावर त्या गाड्या फिरवल्या.

टूलरूमवाला

भाऊ, मर्सिडीजवर हसणं सोपं आहे. मला तेव्हा पुण्यातले लोक विचारायचे, औरंगाबादेत वेरूळ-अजिंठ्याशिवाय आहे काय? ती बातमी आल्यावर विचारायचे बंद झाले. त्या 150 जणांत सगळे काही शेठ नव्हते, डॉक्टर-बिल्डरही होते. बँकेने एकगठ्ठा कर्ज दिलं, कंपनीने एकगठ्ठा भाव दिला. एकत्र येऊन सौदा कसा करायचा हे मराठवाड्याने एकदा तरी दाखवलं. ते गाड्यांसाठी दाखवलं, ठीक आहे, मलाही खटकतं.

खामकाठी

मी छावणीत राहते. लोखंडी पुलाखालची खाम नदी मी लहानपणापासून गटार म्हणूनच पाहिली. गेल्या काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, वॅरॉक आणि पर्यावरणाचं काम करणारी इकोसत्त्व यांनी मिळून तिथे काम केलं. गाळ काढला, काठ मोकळे केले, झाडं लावली. शनिवारी सकाळी आम्ही हातमोजे घालून जायचो. जागतिक पातळीवरच्या एका पुरस्काराच्या अंतिम यादीत हे काम पोचलं. कंपनीचा पैसा आणि कंपनीची शिस्त नसती तर ते पहिल्या पावसातच वाहून गेलं असतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उद्योजकांच्या सगळ्याच कामाला एका मापात तोलू नका.

शेणपुंजीचा

ताई, तुमच्या कष्टाला नमस्कार. पण तीच खाम शहर ओलांडून वाळूजच्या बाजूला येते, तिथं एकदा नाक उघडं ठेवून उभं राहा. काठावरची बाग जिथं फोटो निघतो तिथंच का होते?

शिवाय सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा हा सामाजिक खर्च, दानधर्म नाही. ठरावीक नफा कमावणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावेच लागतात, 2014 पासून कायदाच आहे. आमच्या घामाचे दोन टक्के आम्हालाच, त्यावर त्यांची पाटी.

जुना जालनेकर

तुमचं सगळं संभाजीनगरभोवतीच चाललंय, आम्ही जालनेकर जेवायला बसलोच नाही पंगतीला.

बद्रीनारायण बारवाले. 1964 ला जालन्यात महिको ही बियाणं कंपनी काढली. परदेशातून शिकून आलेले नव्हते, घराण्याचा कारखाना नव्हता. शेतकऱ्यांच्या बांधावर बियाणं तयार करून घ्यायचं, हाच धंदा. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार, 2001 ला पद्मभूषण. त्यांनी काढलेल्या गणपती नेत्रालयामुळे आमच्या आसपासच्या जिल्ह्यांतल्या म्हाताऱ्यांना डोळे मिळाले. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथंच झालं. बीटी कापसावरून त्यांच्या कंपनीशी माझं भांडण आहे, ते वेगळ्या धाग्यावर करू. पण माणूस निवडणुकीला उभा न राहता गावाचा झाला.

दुसरं, घाणेवाडी. निजामाच्या काळातला तलाव, तिथून नुसत्या उताराने जालन्याला पाणी यायचं, मोटर नाही की वीज नाही. तो गाळाने भरला. नगरपालिकेने काढला का? लोकवर्गणी झाली. स्टीलवाले, बियाणेवाले, व्यापारी पुढे आले. कुणी पोकलेन दिलं, कुणी डिझेल. गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. तिथं कुणाच्या नावाची कमान नाही.

(हो, हो, स्टीलवाल्यांवरची 2022 ची आयकर धाड मला माहीत आहे. लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्या आल्या, 56 कोटी रोकड मोजायला तास लागले. कुणीतरी टाकणारच होतं, मीच टाकून मोकळा होतो. दोन्ही जालनाच आहे.)

गंगाखेडची

मतं मागत नाहीत म्हणे! आमच्याकडे या. रत्नाकर गुट्टे, कंत्राटदार, मग साखर कारखानदार. शेतकऱ्यांच्या नावावर कर्ज उचलल्याच्या आरोपात तुरुंगात होते, आणि 2019 ची विधानसभा तिथूनच जिंकले. 2024 ला पुन्हा. लोकांनी रांगा लावून मतं दिली, माझ्या सासऱ्यांसकट. मी विचारलं, मामा, असं कसं? म्हणाले, ऊस कुणाकडं घालायचा मग?

तेव्हा चिकलठाणकर, तुमचा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. मत मागितलं म्हणजे जबाबदारी आली असं होत नाही. ज्याच्या काट्यावर तुमचा ऊस मोजला जातो, त्याला मत नाकारता येतं का, हा प्रश्न आहे. आणि धुतांच्या घरातून राज्यसभेवर गेले, राहुल बजाज 2006 ला अपक्ष म्हणून गेले, तिथं तर आपलं मत लागतच नाही. व्हिडिओकॉन दिवाळखोरीत गेल्यावर चितेगावच्या कामगारांसाठी कोणत्या सभागृहात कोण उभं राहिलं?

चिकलठाणकर

ताई, हे लागलं. काटा आणि मत. मी शहरात राहतो म्हणून मला काटा दिसला नाही.

पण फरक उरतोच. आमदार काय बोलला ते विधानसभेच्या कामकाजात सापडतं. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदमापी रेल्वेसाठी भांडण केलं ते उघड्यावर, ठराव करून, मोर्चे काढून. दालनातल्या बैठकीत कोण काय बोललं याचा कागद कुठे आहे? 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं आणि इथे बीअरच्या कारखान्यांचं पाणी कमी करायला खंडपीठाला आदेश द्यावा लागला. त्याआधी कुणीतरी कुणालातरी 'थांबा' म्हटलं असणारच. कुणी म्हटलं?

टूलरूमवाला

बीअरवाल्यांना किती पाणी जात होतं ते एकदा शहराच्या गळतीशी ताडून पाहा, मग बोला. कोर्टाच्या आदेशाने लातूरला एक थेंब जास्त गेला नाही.

बाकी, दालनात कोण बोलतं ते मी सांगतो, मी एक-दोनदा मागच्या रांगेत बसलोय. बोलतात दोघं-तिघं. बाकीचे आम्ही मान हलवतो. माझा स्वतःचा रस्त्याचा मुद्दा होता, आमच्या सेक्टरमध्ये पावसाळ्यात ट्रक रुततात. पण पुढे बसलेल्यांपैकी एक जण माझ्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचा माणूस. त्याने आधीच 'रस्ते समाधानकारक' म्हणून टाकलं. मग मी कशाला हात वर करू?

गंगाखेडची

अहो काका, मग तुमचाही काटाच आहे की. नाव ऑर्डरचं शेड्यूल, एवढंच.

टूलरूमवाला

काटा म्हणू नका. धंदा आहे. त्यांनी मला मोठं केलं, नाही म्हणणार नाही. पहिलं मशीन त्यांच्याच ऑर्डरच्या भरवशावर घेतलं. कायद्याने छोट्या उद्योगाचं पेमेंट 45 दिवसांत व्हायला पाहिजे, ते 90 दिवसांनी येतं, तेही मी बोलत नाही. अजून कुणी बोलतं का, दाखवा. मासिआच्या, म्हणजे आमच्या छोट्या उद्योजकांच्या संघटनेच्या, व्यासपीठावर सरकारला शिव्या घालणारे शंभर मिळतील. ग्राहकाला नाव घेऊन बोलणारा एक दाखवा.

शेणपुंजीचा

काका, पहिल्यांदाच तुमचं पटायलंय मला. आमच्या कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांचं तेच. गेटवर बोललं की उद्यापासून पास बंद. तुम्ही आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वर, एवढाच फरक.

खामकाठी

मग करायचं काय? कंपन्यांनी नदी साफ करायचं थांबवावं?

चिकलठाणकर

नाही. नदी करू द्या. पण अशा प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त, कोण हजर, कोण काय म्हणालं, महापालिकेच्या संकेतस्थळावर आठ दिवसांत टाकावं, एवढी मागणी करू. वाळूजच्या ग्रामपंचायतींना आणि छोट्या कारखानदारांना वेगळी वेळ द्यावी, ग्राहक समोर न बसवता. मी निवेदनाचा मसुदा लिहितो. टूलरूमवाले काका, तुमचा रस्त्याचा आणि 45 दिवसांचा मुद्दा त्यात पहिला घालतो. खाली सही तुमची पाहिजे, उद्योगाच्या नावासकट. त्याशिवाय त्याला वजन येणार नाही.

टूलरूमवाला

मसुदा चांगला होईल. मुद्दे घाला, आकडे मी खासगीत पाठवतो.

सही नको. एप्रिलमध्ये रेट रिव्हिजन आहे.