मदत हवी आहे: निबंधात आक्षेपाचं उत्तर कुठे घालू?
प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मधला दंड वाढवावा, असा १,२०० शब्दांचा निबंध लिहिलाय. पहिल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपये! वाचणारे बैल राखणारे शेतकरी आहेत, म्हणून हळवी सुरुवात काढून जू घासून सोललेला खांदा आणि त्यावर पुन्हा ठेवलेलं जू, एवढंच ठेवलं. शर्यतीचा मुद्दा गाळला. वाद तिकडेच वळतो.

अडलंय ते या आक्षेपापाशी: "भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ५ वर्षांपर्यंत कैद आहेच की." पण ते कलम ठार मारणं, विष घालणं, अपंग वा निकामी करणं यापुरतं, रोजची मारहाण, जादा ओझं सहसा बाहेरच. हे उत्तर शेवटी दिलं की वाचक आधीच तुटतो, सुरुवातीला दिलं की कलमांची जंत्री होते. दंडाच्या आकड्यामागोमाग घालू, की खांद्याच्या परिच्छेदानंतर?